शेजारचे टेबल



वास्तुकला व्याख्यानाने शिकवता येत नाही, हे सांगण्यासाठी आज आम्ही व्याख्यान द्यायला उभे आहोत! पण मुलाबाळांच्या शिक्षणाचा हा प्रश्न आपल्या घरापर्यंत आलेला आहे; म्हणून थोडा वेळ मागतो.

वास्तुकलेच्या महाविद्यालयात 'स्टुडिओ' नावाचा वर्ग असतो. तेथे फळ्याला फारसे काम नसते. विद्यार्थी आपापल्या टेबलाशी आराखडे काढीत बसतात. शिक्षक एकेकापाशी येतो आणि विचारतो, "जिना इथेच का घेतलास?" काढता काढता विचार कसा घडतो, हे डोनाल्ड शॉन यांनी १९८३ सालच्या 'द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर' या ग्रंथात अशाच एका संवादावरून उलगडून दाखविले. आम्ही त्यात एवढीच भर घालू की, तो संवाद शेजारच्या टेबलावरचा मुलगाही ऐकत असतो. निम्मे शिक्षण त्या चोरून ऐकण्यात आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि स्टुडिओ पडद्यावर गेला. कल्पना नवी नव्हती. १९९० नंतरच्या काही वर्षांतच अमेरिका, कॅनडा आणि हाँगकाँग येथील विद्यापीठांनी संगणकाच्या जाळ्यावरून चित्रे पाठवून एकत्र आराखडे करण्याचे प्रयोग केले होते. मात्र तो हौसेचा प्रयोग होता. आमच्यावर आली ती सक्ती. पडद्यावर शिक्षक दिसला, विद्यार्थी दिसला, शेजारचे टेबल तेवढे नाहीसे झाले.

त्यापायी आमच्या हातून एक अन्याय घडला, तो येथे कबूल करतो. चौघांच्या एका गटाला आम्ही आळीतल्या वाचनालयाचा आराखडा दिला होता. तिघे आवेशाने बोलत. चौथी मुलगी गप्प. तिचा कॅमेराही बंद. सुबक नकाशांवर तिघांचाच हात दिसला, म्हणून आम्ही तिला कमी गुण दिले. मागाहून कळले की घरात मोबाइल एकच, तोही भावंडांत वाटलेला. निर्बंध सैल होताच तिने टेप धरून सारी जागा मोजली होती, आणि रात्री मोबाइल हाती येई तेव्हा ती मापे गटाला पाठवीत होती. तिघांच्या सुबक नकाशांना आधार तिच्या मापांचा होता! वर्ग भरला असता तर टेबलावरची तिची वही आम्हांला दिसली असती. गुण आम्ही दुरुस्त केले. पण दोष आमच्या पाहण्यात होता, तो गुण वाढवून कसा जाणार?

म्हणून आम्ही पद्धत बदलली. सर्वांचा एक सामाईक फलक केला. त्यावर सुबक नकाशांबरोबर खोडाखोडीचे कागद, मापांची वही, पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीचे छायाचित्रही लावायचे, आणि प्रत्येकाने खाली नाव व तारीख घालायची. चर्चा सर्वांसमक्ष करू लागलो. ज्याला त्या वेळी येता येत नाही त्याच्यासाठी ती ध्वनिमुद्रित करून ठेवू लागलो. गटातली कामे दर आठवड्याला फिरती ठेवली. निम्मे गुण गटाच्या कामाला दिले, निम्मे ज्याच्या त्याच्या वाटचालीला.

याचा एक लाभ आम्हांला अनपेक्षित होता. चारचौघांत तोंड न उघडणारी मुले फलकावर नेमकी टीका लिहू लागली, आणि लिहिलेली टीका दुसऱ्या दिवशीही वाचायला मिळे.

आता वर्ग पुन्हा भरतात, आणि हाताने पुठ्ठा कापण्याची सर पडद्याला येत नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण दोन गावांच्या विद्यार्थ्यांना एकत्र काम करायचे झाले तर पडद्यावाचून गत्यंतर नाही. अशा वेळी आधी यंत्राची चौकशी होते. आमची विनंती एवढीच, की त्याआधी शिक्षकाने स्वतःला विचारावे: माझ्या वर्गात शेजारचे टेबल कोठे आहे, आणि तिथे कोण गप्प बसले आहे?