कुलूप, किल्ली आणि ओटीपी

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बहुतांशी तशीच ठेवली आहेत.)



आपल्या चिटणीसबाईंचा फोन आला, "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना, मग बँकेच्या लॉगिनवर बोल. पण सोपं बोल, आणि जेवणाच्या आधी संपव." दोन्ही अटी मान्य करून उभा आहे. सुरुवातीलाच विचारणार होतो, की सगळीकडे एकच पासवर्ड कोण कोण वापरतं? पण हात वर करू नका. शेजारी बसलेल्या माणसाला उगाच कशाला माहिती द्या!

मी कॉम्प्युटर इंजिनियर, गेली बारा-तेरा वर्षं इंग्लंडात आयटी कन्सल्टंट म्हणून काम करतो. लोकांच्या कंपन्यांना सुरक्षेबद्दल सल्ले देतो आणि त्याचे पैसे घेतो. पण आज सांगणार आहे ती माझी स्वतःची चूक. तिचे पैसे कुणी देत नाही, म्हणून फुकट सांगतो.

आईबाबा नाशिकला असतात. काही वर्षांपूर्वी आईला एक फोन आला. "मॅडम, तुमचं केवायसी संपलंय, आज खातं बंद होईल." बोलणारा अगदी गोड, वर "काकू, काकू" करत होता. आईने ओटीपीचे सहापैकी चार आकडे सांगितले आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. ती गॅस बंद करायला गेली, परत येईपर्यंत फोन कट झाला होता. मंडळी, आमच्या घरचे पैसे वाचले ते कुकरमुळे!

हे ऐकून माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. पुढच्या सुट्टीत गेलो तेव्हा सगळं 'सुरक्षित' करून टाकलं. बँकेत नोंदवलेला बाबांचा मोबाईल नंबर बदलून माझ्याकडचा भारतातला नंबर दिला. म्हणजे ओटीपी इंग्लंडात माझ्या खिशात येणार, आईला कितीही गोड बोला. कार्डाची रोजची मर्यादा कमी केली. पासवर्ड सोळा अक्षरी केला. बाबा म्हणाले, "अरे, आम्हाला आमचेच पैसे काढायला तुझी परवानगी लागणार का?" मी हसून म्हटलं, "बाबा, सवय होईल तुम्हाला."

त्यानंतरच्या जानेवारीत पहाटे बाबांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्या काकांनी गाडी काढली. हॉस्पिटलने दीड लाख डिपॉझिट भरायला सांगितलं. आईच्या हातात कार्ड होतं, पण मर्यादा मीच कमी केलेली. तिने काकांच्या मदतीने नेटबँकिंग उघडलं. सोळा अक्षरी पासवर्ड कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिलेला होता, तो काकांच्या मुलीने घरून फोनवर वाचून दाखवला. ओटीपी गेला माझ्याकडे. नाशिकला सकाळचे साडेसहा, म्हणजे इथे रात्रीचा एक. माझा फोन सायलेंटवर. तीन ओटीपी आले आणि मुदत संपून गेले. अकरा मिस्ड कॉल होते.

शेवटी काकांनी स्वतःच्या कार्डावरून पैसे भरले. अँजिओप्लास्टी झाली, बाबा आज ठणठणीत आहेत, सकाळी चार किलोमीटर चालतात. पण मी पोचलो तेव्हा आई एवढंच म्हणाली, "अरे, चोराला बाहेर ठेवलंस ते बरं केलंस. पण मलाही बाहेरच ठेवलंस."

आमच्या अभ्यासक्रमात माहितीच्या सुरक्षेचे तीन खांब शिकवतात: गोपनीयता, अचूकता आणि उपलब्धता. तिसऱ्याचा अर्थ असा, की ज्याचा हक्क आहे त्याला गरजेच्या वेळी वस्तू मिळाली पाहिजे. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते आणि घरी विसरलो होतो. शिवाय आणखी एक गंमत बघा. पासवर्ड मी इतका कठीण केला, की तो कालनिर्णयवर लिहावा लागला आणि फोनवरून मोठ्याने वाचला गेला. सुरक्षा अतोनात वाढवली की माणसं पळवाट काढतात. आणि ती पळवाट मूळच्या धोक्यापेक्षा वाईट असू शकते.

सोय आणि सुरक्षा यांची ही ओढाताण आजची नाही. २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेने पैसे देणारं यंत्र बसवलं. ते बनवणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. त्यांनी २००७ साली बीबीसीला सांगितलं होतं, की सैन्यातला सहा आकडी क्रमांक त्यांना पाठ होता, म्हणून पिनही सहा आकडी ठेवायचा विचार होता. पण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, मला चारच आकडे लक्षात राहतील. झालं, चार आकडे ठरले! जगभरच्या पिनमागे असा एका गृहिणीचा कौल आहे, आणि मला वाटतं तो बरोबर होता. कारण चार आकड्यांच्या जोडीला कार्ड हातात असावं लागतं, आणि तीनदा चुकलं की बहुधा कार्ड अडतं. कुलूप लहान, पण दार दुहेरी.

याच्या उलट उदाहरण पासवर्डचं. २००३ साली अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या बिल बर यांनी मार्गदर्शिका लिहिली. कॅपिटल अक्षर, आकडा, चिन्ह वगैरे घाला आणि पासवर्ड वरचेवर बदला, हा सल्ला तिथून सगळीकडे पसरला. लोकांनी काय केलं? पासवर्डच्या शेवटी १ लावला. बदलायला सांगितला की २ लावला. २०१७ साली निवृत्त झालेल्या बर यांनी या सल्ल्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली, आणि त्याच वर्षी त्या संस्थेने नियम बदलले. इथलं राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्र आता सांगतं, की एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द जोडा. आपल्याला तर मराठीची सोय आहे! 'पातेलं-मफलर-सिग्नल' रोमनमध्ये लिहिलं की झालं. (कृपया हाच ठेवू नका, आता तो दीडशे लोकांना माहीत आहे.)

आता ओळख पटवण्याचे प्रकार. फक्त तीन आहेत. तुम्हाला माहीत असलेलं काही, म्हणजे पासवर्ड किंवा पिन. तुमच्याजवळ असलेलं काही, म्हणजे फोन, कार्ड किंवा बँकेने दिलेलं कॅल्क्युलेटरसारखं यंत्र. आणि तुम्ही स्वतः, म्हणजे बोट किंवा चेहरा. इथल्या बँकांना २०२० पासून ऑनलाइन बँकिंगसाठी या तिन्हींपैकी दोन वेगवेगळे प्रकार वापरणं बंधनकारक आहे. पासवर्ड आणि आईचं माहेरचं आडनाव हे दोन कुलपं नव्हेत. दोन्ही एकाच प्रकारचे, आणि आडनाव तर मंडळाच्या निम्म्या लोकांना ठाऊक असतं!

त्यातला एसएमएसने येणारा ओटीपी सोयीचा आहे, पण सगळ्यात कच्चा. कुणी तुमच्या नावाने मोबाईल कंपनीला गंडवून नवीन सिम काढलं, तर तुमचे ओटीपी त्याच्या हातात. अचानक फोनची रेंज गेली आणि घरातल्या बाकीच्यांची आहे, तर लगेच कंपनीला आणि बँकेला कळवा. बँकेच्या ॲपमध्ये बोट किंवा चेहऱ्याने मंजुरी देणं हे एसएमएसपेक्षा सोपंही आहे आणि पक्कंही. 'पासकी' नावाचा प्रकार त्याच्याही पुढचा. त्यात किल्ली तुमच्या उपकरणात राहते आणि ती फक्त खऱ्या संकेतस्थळालाच लागते. खोट्या पानावर टाईप करायला तुमच्याकडे काही नसतंच. जिथे मिळेल तिथे जरूर घ्या. सोय आणि सुरक्षा एकाच बाजूला असण्याचे असे प्रसंग विरळा!

पण फोनच सगळ्याची किल्ली झाला, की त्याची काळजी आली. लंडनमध्ये रस्त्यावर फोन हिसकावून सायकलवरून पळणारे चोर तुम्ही ऐकले असतील. आधी मागे उभं राहून पिन बघतात, मग फोन खेचतात. म्हणून फोनचा पिन आणि बँकेच्या ॲपचा पिन वेगळा ठेवा. आयफोनमध्ये २०२४ च्या सुरुवातीपासून 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आहे, ते सुरू करा. आणि एक घरातली गोष्ट. मुलाला गेम खेळता यावा म्हणून आईच्या फोनमध्ये त्याचं बोट नोंदवून दिलेलं असतं. मंडळी, जे बोट फोन उघडतं, तेच बऱ्याचदा बँकही उघडतं. आज घरी गेल्यावर मोजा, तुमच्या फोनमध्ये किती बोटं आहेत!

मग समतोल कसा साधायचा? मी माझ्या आजीच्या घराकडे बघतो. दिंडी दरवाजा दिवसभर उघडा असायचा. माजघराला कडी असायची. तिजोरीची किल्ली मात्र आजीच्या कमरेला. सगळीकडे एकच कुलूप नव्हतं. तसंच करा. रोजच्या खर्चाचं खातं फोनवर ठेवा, पटकन उघडू द्या, पण त्यात महिन्यापुरतेच पैसे असू देत. बचत वेगळ्या बँकेत ठेवा, तिचं ॲप रोज बाहेर नेता त्या फोनवर नको. ती उघडायला दहा मिनिटं लागली तर काही बिघडत नाही. पैसे पाठवण्याची रोजची मर्यादा गरजेप्रमाणे ठरवा. आणि ईमेलचा पासवर्ड बँकेइतकाच जपा, कारण 'पासवर्ड विसरलात?' म्हटलं की पत्र तिकडेच येतं.

एवढं करूनही मोठी फसवणूक लॉगिन फोडून होत नाही, ती आपल्याच हातून करून घेतात. "तुमच्या खात्यावर हल्ला झालाय, पैसे 'सेफ अकाउंट'मध्ये हलवा." असं सेफ अकाउंट नसतं. कुठलीही बँक असं सांगत नाही. फोन ठेवा आणि १५९ फिरवा. इथल्या बहुतेक मोठ्या बँकांना तो थेट जोडून देतो. संशयास्पद मेसेज ७७२६ वर पाठवा. ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत स्वतः पाठवलेले पैसे ८५,००० पौंडांपर्यंत परत करणं बँकांवर बंधनकारक आहे, अर्थात काही अटींवर. बँक १०० पौंडांपर्यंत वजा करू शकते आणि दावा १३ महिन्यांच्या आत करावा लागतो. पण हा नियम ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्ये पाठवलेल्या पैशांना आहे. भारतात पाठवलेल्या पैशांना नाही, हे आपण विशेष ध्यानात ठेवायला हवं.

आणि आता पुन्हा आईबाबा, कारण इथे बसलेल्या प्रत्येकाचं मन तिकडे आहे.

बाबा घरी आल्यावर मी सगळं उलट केलं. बाबांचा नंबर बाबांना परत. खातं दोघांच्या नावावर, आईला तिचं स्वतःचं लॉगिन आणि तिच्याच फोनवर ओटीपी. मुलाने आईबापांच्या लॉगिनने व्यवहार करणं बँकेच्या नियमात बसत नाही आणि शहाणपणाचंही नाही, हे मी आता शिकलोय. आजारपणासाठी वेगळं खातं केलं, त्याच्या कार्डाची मर्यादा मोठी ठेवली. मोठी रक्कम मुदत ठेवीत, तिथे घाईने हात जाणार नाही. नॉमिनी बघून घेतला. फोनवर कुणी 'डिजिटल अटक' म्हणालं तर असली अटक कायद्यात नाहीच, हे दोघांना सांगितलं, आणि १९३० हा मदतीचा नंबर कालनिर्णयवर लिहून ठेवला. पासवर्ड खोडून टाकला! भारतातल्या बँकांची संकेतस्थळं रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या सूचनेनुसार 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर गेली आहेत, हेही त्यांना दाखवलं.

तुमच्या स्वतःच्या भारतातल्या खात्यांसाठीही एक सांगतो. ड्रॉवरमध्ये पडलेलं जुनं सिम रिचार्जअभावी बंद पडतं, आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. बऱ्याच बँका इथला नंबर नोंदवून घेतात, चौकशी करा. २०२३ पासून ब्रिटनसह काही देशांतल्या नंबरांवर एनआरई आणि एनआरओ खात्यांना यूपीआयचीही परवानगी आहे.

शेवटचा उपाय आईचा आहे, माझा नाही. घरातल्या सगळ्यांनी एक शब्द ठरवलाय. मी म्हणून कुणीही फोन केला आणि पैसे मागितले, आवाज अगदी माझा असला, तरी आई तो शब्द विचारते. आजकाल आवाजाचीही नक्कल होते. मध्ये मी खरंच घाईत होतो, शब्द आठवेना. आईने शांतपणे फोन ठेवला! पाच मिनिटांनी माझ्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन करून म्हणाली, "हं, आता बोल."

मंडळी, लक्ष्मीपूजनाला आपण लक्ष्मी यावी म्हणून दार उघडं ठेवतो. पण म्हणून तिजोरीची किल्ली कुणी उंबऱ्यावर ठेवत नाही. कुठलं दार उघडं ठेवायचं आणि किल्ली कुणाच्या कमरेला द्यायची, एवढं घरी बसून एकदा ठरवा. आईबाबांशीही बोला, आणि त्यांना विचारून ठरवा. मी विचारलं नव्हतं.

जेवण तयार आहे असं खुणेने सांगताहेत. दिवाळीच्या सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा!