घरचा पैसा आणि घरचें मौन



आपल्या समाजांत कांहीं गोष्टी चारचौघांत बोलावयाच्या नसतात आणि कांहीं घरांतहि बोलावयाच्या नसतात. पहिल्या वर्गांतल्या गोष्टी आतां पुष्कळशा मोकळ्या झाल्या आहेत. लग्नें, काडीमोड, आजार, फार काय मुलांचे पगारसुद्धां चहा घेतां घेतां चर्चिले जातात. दुसऱ्या वर्गांतली एक गोष्ट मात्र अद्याप कडीकुलपांत आहे. घरांतला पैसा किती, तो कोठें ठेवला आहे आणि कोणाच्या नांवावर आहे, ही ती गोष्ट. शिकल्यासवरलेल्या घरांतून हें मौन अधिकच दाट असतें. मजुराजवळ लपविण्यासारखें थोडें असतें. व्यापाऱ्याच्या घरांत तर हिशेब हीच बोलण्याची भाषा. मौन पाळतो तो पांढरपेशा नोकरदार, आणि तें पाळण्यांत आपण कांहीं गैर करीत आहों अशी शंकाहि त्याला कधीं येत नाहीं.

एका घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. डोंबिवलीची तीन खोल्यांची सदनिका. घरधनी सरकारी कचेरींतून निवृत्त झालेले. उभ्या जन्मांत त्यांनीं सुपारीचें खांडसुद्धां तोंडांत टाकलें नाहीं, कोणाचें देणें बुडविलें नाहीं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस घरखर्चाची रक्कम पत्नीच्या हातांत मोजून दिली. त्या रकमेचा हिशेब बाईंनीं पैपर्यंत चोख ठेवला : दूध, वाणी, भाजी, मोलकरीण, सणवार, आलागेला. परंतु त्या रकमेपलीकडे काय आहे, हें बाईंनीं विचारलें नाहीं आणि घरधन्यांनीं सांगितलें नाहीं. क्वचित् विषय निघाला तर "तुला कशाला ती कटकट? मी आहे ना!" एवढें बोलून ते वर्तमानपत्र उघडीत. हें वाक्य प्रेमाचेंच होतें, यांत संशय नाहीं. एके दिवशीं पहाटे छातींत कळ आली, आणि तें वाक्य बोलणारा माणूस दिवस उजाडण्यापूर्वींच गेला.

तेरावा झाल्यावर मुलानें कपाट उघडलें. एका बँकेचें खातेपुस्तक मिळालें. पोस्टांतल्या ठेवीची एक पावती मिळाली. विम्याचा हप्ता भरल्याच्या पावत्या सांपडल्या, पण मूळ विमापत्र सांपडलें नाहीं. एका पतसंस्थेंत ठेवलेल्या मोठ्या रकमेचा कागद निघाला, आणि त्या संस्थेच्या दाराला गेले कित्येक महिने कुलूप होतें. बाकीचें सारें टेलिफोनमध्यें होतें. लग्नाची तारीख, मुलाचा जन्मदिवस, घराचा क्रमांक असे अंदाज करून झाले. प्रत्येक चुकीगणिक तें यंत्र अधिकच घट्ट मिटत गेलें. बँकेंत खिडकीपलीकडच्या तरुण कारकुनानें अगदीं सौजन्यानें विचारलें, "काकू, आणखी कोठें खातीं होतीं, कांहीं कल्पना आहे?" बाईंना उत्तर देतां आलें नाहीं. रक्कम अडकली याचें दुःख त्यांना झालेंच; परंतु चव्वेचाळीस वर्षें एका छपराखालीं राहून हें आपल्याला ठाऊक नाहीं, हें एका परक्या पोरासमोर कबूल करावें लागलें, तें त्यांच्या अधिक जिव्हारीं लागलें.

असें चित्र क्वचितच दिसतें असें मानण्याचें कारण नाहीं. ज्या बँक-ठेवींना दहा वर्षें कोणाचा हात लागत नाहीं, त्या २०१४ सालच्या योजनेनुसार रिझर्व्ह बँकेजवळच्या एका निधींत जमा होतात. ३१ मार्च २०२४ रोजीं त्या निधींत ७८,२१३ कोटि रुपये होते. त्यांत बुडालेल्या कंपन्यांचे आणि बंद पडलेल्या मंडळांचेहि पैसे असणार हें उघड आहे. तरी पण पोटाला चिमटा घेऊन कोणीं तरी सांठविलेले आणि मग कोणालाहि न सांगतां मागें ठेवलेले रुपये त्यांत थोडे नसतील. हा पैसा सरकारनें गिळला असा एक प्रवाद ऐकूं येतो, तो खरा नव्हे. ठेवीदाराला किंवा त्याच्या वारसाला तो केव्हांहि मागतां येतो, आणि १७ ऑगस्ट २०२३ पासून 'उद्गम' नांवाच्या संकेतस्थळावर नांव घालून पुष्कळ बँकांतून एकदम शोधहि घेतां येतो. पण शोध घ्यावयाचा तर शोधण्यासारखें कांहीं आहे, एवढें तरी कोणाला ठाऊक असावयास नको काय?

पूर्वीं निदान कागद बोलत असत. ट्रंकेच्या तळाशीं पुडकें असे. मनीऑर्डरच्या पावत्या तारेला लटकत, पोस्टमन दारांत उभा राहून मोठ्यानें रक्कम सांगे. १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि मुंबईंत १९०६ सालीं शामराव विठ्ठल, १९१८ सालीं सारस्वत अशा संस्था निघाल्या. त्या आपापल्या ज्ञातीपुरत्याच निघाल्या, हा त्यांचा दोष म्हणावा लागेल. परंतु सभासदाला कर्ज हवें तर दुसरा सभासद जामीन राही, आणि जामीन राहणाऱ्याला शेजाऱ्याचा पगार, त्याचीं देणीं, त्याच्या मुलीचें ठरलेलें लग्न हें सारें ठाऊक असे. आज कर्जाची चौकशी यंत्र करतें आणि मंजुरीहि यंत्रच देतें. सोय झाली, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. मात्र शेजारी जातां जातां साक्षीदारहि गेला. मग घरांतल्या माणसांखेरीज साक्षीदार उरतो कोण?

बायकांकडेहि गुप्त पैसा असतोच, असा प्रतिपक्ष कोणी करील. असतो खरा. तांदुळाच्या डब्यांतला, देव्हाऱ्यामागचा, भिशीचा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पांचशें आणि हजाराच्या नोटा चलनांतून गेल्या, तेव्हां घरोघर हे डबे उघडले. वर्षानुवर्षें दोन-दोनशें, पांच-पांचशें करून बाजूला टाकलेली पुंजी नवऱ्यापुढें ठेवावी लागली. आणि कित्येक ठिकाणीं त्यावरून थट्टा झाली, कित्येक ठिकाणीं जाबहि विचारला गेला. विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या दिवसांत बायकोचें गुपित सरकारी हुकुमानें उघडें पडलें, पण नवऱ्याचें गुपित बँकेच्या खात्यांत सुरक्षित राहिलें, आणि त्याला गुपित असें कोणीं म्हटलेंहि नाहीं.

कायदा या बाबतींत समाजाच्या पुष्कळ पुढें गेला आहे. १९३७ च्या कायद्यानें हिंदु विधवेला पतीच्या मिळकतींत हिस्सा मिळाला, तो केवळ हयातीपुरता. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मृत्युपत्र न करतां गेलेल्या पतीच्या मिळकतींत ती मुलगे, मुली आणि सासू यांच्या बरोबरीची वारस झाली, आणि आपल्या वाट्याची पुरी मालकीणहि झाली. एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीला जन्मतःच हक्क असावा हें महाराष्ट्रानें १९९४ सालीं मान्य केलें, मात्र आधीं लग्न झालेल्या मुली त्यांतून वगळल्या. २००५ सालीं तो हक्क साऱ्या देशांत आला. हक्क असे कागदावर सिद्ध आहेत. ज्या मिळकतीचा पत्ताच नाहीं, तिच्यावर ते बजावावयाचे कसे?

त्यांतून 'नॉमिनी' या शब्दानें घरोघर घोंटाळा माजविला आहे. फॉर्मावर ज्याचें नांव, त्याचाच पैसा, अशी समजूत सर्वत्र आहे. वस्तुतः नॉमिनी हा बहुतेक ठिकाणीं रक्कम स्वीकारणारा हात असतो; ती वारसांच्या स्वाधीन करणें हें त्याचें काम. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयानें हें १९८३ सालीं सांगितलें आणि कंपन्यांच्या भागांबाबत २०२३ सालीं. विम्याचा कायदा मात्र २०१५ सालीं बदलला आणि आईबाप, नवरा-बायको, मुलें यांचीं नांवें घातलेलीं असल्यास ती रक्कम त्यांचीच होते. बँकेच्या ठेवीला १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी देतां येतात. पण चारांची सोय होऊन उपयोग काय? नोकरीला लागतांना खातें उघडलें, आईचें नांव घातलें. लग्न झालें, मुलें झालीं, आई जाऊन वीस वर्षें लोटलीं, तरी त्या रकान्यांत आईच नांदते आहे, अशीं खातीं थोडीं नाहींत.

या मौनाची आणखी एक बाजू आहे, तिचा उच्चार सहसा होत नाहीं. जो पैशाविषयीं कोणाशीं बोलत नाहीं, त्याच्या चुका त्याला कोणी दाखवूंहि शकत नाहीं. डोंबिवलीच्या गृहस्थांनीं पतसंस्थेंत रक्कम ठेवली ती दीड टक्का अधिक व्याजासाठीं. बँक बुडाल्यास ठेवीदाराला पांच लाखांपर्यंत विम्याचें संरक्षण मिळतें; ४ फेब्रुवारी २०२० पूर्वीं तें एक लाखच होतें. सहकारी बँकाहि या विम्याखालीं येतात. पतसंस्था येत नाहींत. गृहस्थांना हें ठाऊक नसावें, किंवा असूनहि दीड टक्क्यानें भुरळ घातली असावी. त्यांनीं एका रात्रीं जेवतांना सहज म्हटलें असतें, "अमक्या संस्थेंत ठेवावे म्हणतों," तर भाजीच्या जुडीला दोनदां उलटून पाहणारी ती बाई "त्या संस्थेला कोण ओळखतं?" एवढें तरी खात्रीनें विचारती. घरांतली सर्वांत सावध बुद्धि चाळीस वर्षें वाण्याच्या यादीवर खर्च झाली.

पुष्कळ वृद्ध मंडळी मुद्दाम बोलत नाहींत, आणि त्यांचें म्हणणें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. मुलांना आंकडा कळला कीं त्यांचें लक्ष आंकड्यावर बसतें. सून-जांवई डोळे लावतात. उद्यां कोणी विचारणार नाहीं, असें भय त्यांना वाटतें. हें भय खोटें असतें तर आईबापांच्या पोटगीसाठीं २००७ सालीं कायदा करण्याची पाळीच आली नसती. परंतु सांगणें निराळें आणि देणें निराळें. हयातींत घर मुलाच्या नांवें करून देणारे बाप पुढें पस्तावलेले आढळतात. त्याच कायद्यांत अशी तजवीज आहे कीं, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास रद्द ठरवून घेतां येते. ती अट दस्तांतच स्पष्ट लिहून घेणें शहाणपणाचें. पैसा कोठें आहे तें निदान पत्नीला सांगण्यांत असा कोणता धोका आहे? मुलांचें भय असेल तर मुलांना सांगूं नये. ज्या माणसानें आपल्या आजारपणांत रात्रीं जागून काढल्या, तिच्यापासून काय लपवावयाचें? मृत्युपत्र करावें हें तर खरेंच. साध्या कागदावर, सहीनिशीं, दोन साक्षीदारांसमक्ष केलें तरी तें चालतें. मुद्रांकाची गरज नाहीं. पण मृत्युपत्र मेल्यावर बोलतें, आणि यादी आज संध्याकाळींच करतां येते.

डोंबिवलीच्या बाईंचे पैसे दीड वर्षांत हळूहळू आले. पतसंस्थेचे मात्र आले नाहींत. त्या अवधींत त्या वारसाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र हे शब्द शिकल्या. बँकेंत आतां एकट्या जातात. स्टेशनाजवळच्या दुकानांतून त्यांनीं जाड पुठ्ठ्याची एक वही आणली. पहिल्या पानावर खातीं, दुसऱ्यावर ठेवी आणि त्यांच्या मुदती, तिसऱ्यावर दागिने, आणि कोणता दागिना कोणी केला तेंहि. टेलिफोनचा सांकेतिक क्रमांक वहींत लिहिला नाहीं. तो बंद लिफाफ्यांत घालून मुलीजवळ ठेवावयास दिला. गणपतीला सारे जमले असतां जेवणें उरकल्यावर त्यांनीं वही काढली आणि मुलगा, सून, मुलगी यांना बसावयास सांगितलें. मुलगा हातांतल्या टेलिफोनवरून नजर न काढतां म्हणाला, "एवढं कशाला, आई? मी आहे ना!"

बाईंनीं क्षणभर त्याच्याकडे पाहिलें, चष्मा लावला आणि पहिलें पान वाचावयास सुरुवात केली.