डोक्यावर पाणी असलेले घर

धाब्याच्या घरात राहणाऱ्याला पावसाळ्याची धास्ती काय असते, हे तुम्हांला मी सांगायला नको. मृग लागण्याआधी वर चांगली पांढरी माती टाकायची, ती चोपून बसवायची. आणि तरीही झडीच्या दिवसांत कुठेतरी थेंब गळायचाच. अशा माणसाला कोणी म्हणाले, की एका घराच्या छतावर पाण्याने भरलेला हौद आहे आणि त्याखाली माणसे निवांत बसत, तर त्याला ते खरे वाटेल का? पण असे घर आपल्या फुलंब्रीपासून फार लांब नाही. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपण सर्वांनी ऐकलेली आहे. फिरते चाक पाहून लोक परततात. ते घर कोणाचे, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

ते घर होते फकिरांचे. बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी पंथाचे साधू बाबा शाह मुसाफिर तेथे राहिले. त्यांचे शिष्य शाह महमूद यांच्या काळात या तकियाचा विस्तार झाला. मशीद, मदरसा, कचेरी, वाटसरूंसाठी सराई, बायकांसाठी निराळी घरे असा तो सगळा संसारच होता. आपल्याकडच्या मोठ्या मठासारखाच म्हणा ना. आल्या-गेल्याला भाकरी द्यायची, तर रोजचे दळण किती! म्हणून १७४४ च्या सुमारास तुर्कताज खान या सरदाराने येथे चक्की घातली.

तिचे पाणी कोठून येई? हर्सूलच्या बाजूने. जळगाव रस्त्याने शहरात जाताना आपण ज्या हर्सूलवरून जातो, तेच हे. सहा-आठ किलोमीटरवरून जमिनीखालच्या नळांतून पाणी उताराने आणले. शहराला ही विद्या नवी नव्हती. मलिक अंबरने १६१७ च्या सुमारास आपली नहर बांधली होती. तकियाजवळ आल्यावर पाणी एका उंच भिंतीत चढे. चढे कसे? उगम त्याहून उंचावर, आणि नळ बंद; त्यामुळे मागचा दाबच पुढच्या पाण्याला वर ढकली. पंप नाही, मोट नाही, बैल नाही. तेथून ते खाली कोसळे आणि जात्याखालच्या आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळे. चाक फिरले, की त्याच्या उभ्या आसाबरोबर वरची तळी फिरायची. शिक्षकबंधूंनी हे वर्गात दोन भांडी आणि एक रबरी नळी घेऊन दाखवावे. मुले विसरणार नाहीत.

दळण झाल्यावर पाणी वाया जात नसे. ते हौदांत येई. मशिदीपुढचा लांबट हौद सुमारे १६४ फूट लांब आणि ३१ फूट रुंद. तो कारंज्यांसह पुढे जमील बेग खान यांनी बांधविला. आणि खरी करामत अशी, की हौदाचा तळ हेच खालच्या मोठ्या दालनाचे छत! ओळीने जाडजूड खांब, त्यांवर कमानी, आणि कमानींवर पाण्याचा भार. बाहेर वैशाख पेटलेला असला, तरी वर पाणी असल्यामुळे आत गारवा. जास्तीचे पाणी शेजारच्या खाम नदीत सोडून देण्याची सोय होती. माझ्या मते चाकापेक्षा हे दालन मोठे आहे. चाके जगात पुष्कळ आहेत.

विलायतेत ससेक्स परगण्यात अल्फ्रिस्टन नावाचे खेडे आहे. तेथे धर्मोपदेशकाचे घर म्हणून ओळखले जाणारे सहाशे वर्षांपूर्वीचे घर आहे. ओकच्या लाकडाचा सांगाडा, मधे आपल्या कुडासारख्या काटक्या नि मातीच्या भिंती, वर गवताचे छप्पर. जमीन कुटलेल्या खडूची, आणि ती आंबट दुधाने सारवून पक्की केलेली! मधल्या दालनात चूल पेटे, धूर छपराकडे जाई. थंडीच्या मुलखात घराच्या मध्यभागी विस्तव, आणि आपल्या उन्हाच्या मुलखात घराच्या डोक्यावर पाणी.

ते घर मोडकळीला आले, तेव्हा गावच्या धर्मोपदेशकाने हाकाटी केली आणि १८९६ साली तेथल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ते दहा पौंडांना विकत घेतले. या संस्थेने घेतलेली ती पहिली इमारत. पाणचक्कीची अडचण निराळी आहे. चार भिंतींचे घर एका खरेदीखताने वाचविता येते. पण या घराचा अर्धा जीव भिंतींबाहेर, कित्येकांच्या जमिनींखाली आहे. शहर वाढले, नहरींवर रस्ते आणि इमारती आल्या, आणि एकेकाळी भरून वाहणाऱ्या कितीतरी नहरी कोरड्या पडल्या. पाणी तुटले, की हौद आटतो आणि खालचे गार दालन नुसते तळघर होते.

तेव्हा हर्सूलच्या बाजूला कोणी पाया किंवा विहीर खणीत असेल आणि कुदळीला भाजलेल्या मातीचा नळ लागला, तर तो खापर समजून फेकू नये. काम तेवढे थांबवावे, जागेवर खूण करावी आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. जवळ शाळा असली, तर गुरुजींनी मुलांना नेऊन तो दाखवावा आणि पाणी कोणत्या दिशेने वाहत होते, हे उतारावरून त्यांनाच ओळखायला सांगावे.