जुन्या संगणकाचा दुभाषी

लग्नाचे स्थळ पाहताना ज्यांची नजर आधी पगाराच्या आकड्यावर जाते, त्यांची जी फसगत होते, तशीच फसगत जुन्या संगणकासाठी मोडेम घेणाऱ्याची होते. पुण्याच्या जुन्या बाजारात म्हणा, दिल्लीच्या नेहरू प्लेसमागच्या एखाद्या गल्लीत म्हणा, धुळीने माखलेले चारदोन मोडेम एकत्र सापडले, तर ज्याच्या अंगावर ‘५६ के’ असे ठसठशीत छापलेले असते, त्याच्याकडेच हात आपोआप वळतो. मोठा आकडा, त्यातल्या त्यात नवा माल. मग आणखी काय हवे? घरी आणल्यावर मात्र ध्यानात येते की, हा जावई सासरच्या मंडळींशी बोलायलाच तयार नाही.

समजा, एका निवृत्त गृहस्थांपाशी एक्सटी जातीचा संगणक आहे. १९८४च्या नोव्हेंबरात भारत सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले, आणि पुढल्या काही वर्षांत अशी यंत्रे आपल्याकडच्या कचेऱ्यांतून व महाविद्यालयांतून दिसू लागली. कचेरीने ते मोडीत काढले तेव्हा या गृहस्थांनी ते घरी आणले. यंत्र अजून चालते, हिरव्या अक्षरांचा पडदा अजून उजळतो. इंदूरला त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यापाशी तसेच दुसरे यंत्र आहे. या दोन यंत्रांनी दूरध्वनीच्या तारेवरून एकमेकांशी बोलावे, एवढीच उभयतांची इच्छा. इच्छा कोणाला भाबडी वाटेल. परंतु या यंत्रांचे सुटे भाग आता सहजासहजी मिळत नाहीत. निवडीत एक चूक झाली, तर पैसे जातात ते जातातच, शिवाय यंत्र कायमचे मुके होण्याचा धोका असतो.

मोडेम हा मुळात दुभाषी. संगणकाला विद्युत्दाबाची चढउतार तेवढी कळते. दूरध्वनीची वाहिनी बांधली गेली ती माणसाच्या आवाजासाठी, आणि साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला ध्वनी ती पुढे नेते. तेव्हा संगणकाच्या खुणांचे शिळेत रूपांतर करायचे आणि पलीकडच्या टोकाला त्या शिळेच्या पुन्हा खुणा करायच्या, हे काम दुभाष्याचे. अमेरिकेतल्या बेल कंपनीचा १०३ क्रमांकाचा मोडेम १९६२ साली आला. साद घालणाऱ्याने १०७० आणि १२७० हर्ट्झवर शीळ घालावी, उत्तर देणाऱ्याने २०२५ आणि २२२५ हर्ट्झवर, अशी त्याची वाटणी. त्यामुळे दोघे एकाच वेळी बोलले तरी कोणी कोणाचे बोलणे तोडत नाही. हे शिष्टाचार सभागृहांतून अद्याप रुजायचे आहेत!

या पहिल्या मोडेमचा वेग सेकंदाला ३०० बिट्स. एक अक्षर पाठवायला मागचीपुढची खूण धरून १० बिट्स लागतात. म्हणजे सेकंदाला ३० अक्षरे. एक्सटीच्या पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी, एकूण २००० अक्षरे मावतात. तो भरायला या वेगाने ६७ सेकंद लागतात, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांच्या जेमतेम पुढे. २४०० बिट्सच्या मोडेमला तेच काम ८ सेकंदांत उरकते, ९६०० च्या मोडेमला २ सेकंदांत. मग ५६,००० चा मोडेम का घेऊ नये?

कारण ऐकणारा कान निराळा आहे. आयबीएमने १९८१ साली जो वैयक्तिक संगणक बाजारात आणला, त्याच्या सीरियल पोर्टमागे ८२५० क्रमांकाची चिप बसवलेली होती, आणि त्याच घराण्यातल्या पुष्कळ यंत्रांनी ती उचलली. बाहेरून आलेले अक्षर ही चिप हातात धरून ठेवते. पण एका वेळी एकच. ते अक्षर प्रोसेसरने उचलण्याआधी पुढचे आले, तर पहिले गेलेच. ९६०० च्या वेगाने दर सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागाला एक अक्षर येऊन दारात उभे राहते. ४.७७ मेगाहर्ट्झचा बिचारा प्रोसेसर त्याच क्षणी पडदा वर सरकवण्यात किंवा चकतीवर काही लिहिण्यात गुंतला असेल, तर शब्दांची अक्षरे गळू लागतात. १६ अक्षरे रांगेत उभी करून ठेवणारी १६५५०ए ही चिप पुढे आली. एक्सटीच्या नशिबी ती नव्हती. २४०० च्या वेगाने मात्र दोन अक्षरांत चारपट अवकाश मिळतो आणि तेवढ्यात यंत्राचे निभावते. वेगवान मोडेमला सावकाश बोलायला सांगता येते, हे खरे. पण त्यासाठी ‘थांब’ आणि ‘चालू दे’ या खुणा नेणाऱ्या जादा तारांची केबल हवी आणि त्या खुणा समजणारी आज्ञावलीही हवी. शिवाय ५६ के हा वेग दूरच्या सेवा-केंद्राची जोडणी एक्स्चेंजपर्यंत अंकीय असेल तरच लाभतो. दोन घरांतले दोन मोडेम परस्परांशी कधीच ३३,६०० च्या वर जात नाहीत. मग त्या छापील आकड्याची किंमत इंदूरच्या सहकाऱ्याच्या बाबतीत काय उरली?

२४०० च्या मोडेमची दुसरी सोय अशी की, त्याची व्ही.२२ बिस ही मानक पद्धत सगळ्या जगाने मान्य केली. ३०० च्या वेगाला अमेरिकेची बेल पद्धत वेगळी आणि आंतरराष्ट्रीय व्ही.२१ पद्धत वेगळी. दोघांचे सूर जुळत नाहीत. अमेरिकेतून हौसेने मागवलेला केवळ ३०० चा मोडेम आणि युरोपात तयार झालेला तसाच मोडेम समोरासमोर बसवले, तर दोघेही शीळ घालीत बसतील आणि संवाद काही होणार नाही. म्हणून २४०० चा, परंतु गरज पडल्यास १२०० वर आणि ३०० वर उतरणारा, व दोन्ही पद्धती जाणणारा मोडेम पाहावा.

आता बाहेरचा की आतला? १९८१ साली अटलांटा येथील हेज कंपनीने ‘स्मार्टमोडेम’ काढला. त्याआधी सर्वसाधारणपणे माणसाने स्वतः क्रमांक फिरवायचा, आणि पुष्कळदा दूरध्वनीचा रिसीव्हर दोन रबरी वाट्यांत बसवायचा, अशी रीत होती. हेजच्या मोडेमला संगणकच हुकूम देऊ लागला. ‘एटी’ ही दोन अक्षरे म्हणजे ‘लक्ष दे’, त्यापुढे ‘डीटी’ आणि क्रमांक म्हणजे ‘सुरावर क्रमांक लाव’. जुन्या एक्स्चेंजसाठी ‘डीपी’. ही हुकमांची भाषा नंतर बहुतेक सगळ्यांनी उचलली. या पेटीच्या दर्शनी भागावर लाल दिव्यांची रांग असे. तार उचलली गेली, पलीकडचा सूर लागला, अक्षर गेले, अक्षर आले, हे सारे त्या दिव्यांवरून कळे. संगणकात खोचायच्या कार्डाची स्वतःची चिप असते, ती कधीकधी १६५५० जातीचीही निघते, हा त्याचा गुण नाकारण्याचे कारण नाही. तथापि बोलणे कोठे अडले हे ज्याला डोळ्यांनी पाहायचे आहे, त्याने दिवे असलेली बाहेरची पेटीच घ्यावी. आणि ‘फक्त विंडोजसाठी’ असे ज्याच्या खोक्यावर लिहिलेले असेल त्याला हातही लावू नये. त्या मोडेमने आपले निम्मे काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकललेले असते. एक्सटीला ते ओझे कदापि उचलणार नाही.

विजेच्या बाबतीतला गाफीलपणा सर्वांत महाग पडतो. अमेरिकन मोडेमसोबतचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात तो क्षणभरही टिकायचा नाही. बरे, इथला दुसरा लावावा, तर कित्येक मोडेमांना एकदिश नव्हे, प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. पेटीच्या तळाशी लिहिलेले वाचल्यावाचून काहीही जोडू नये. ज्यांच्यापाशी कमोडोर ६४ हे १९८२ सालचे यंत्र असेल, त्यांनी तर दुप्पट सावध असावे. त्याचा यूजर पोर्ट ५ व्होल्टच्या खुणा जाणतो, आणि आरएस-२३२ पद्धतीच्या मोडेमच्या खुणा अधिक १२ पासून उणे १२ व्होल्टपर्यंत झेपावतात. मध्ये दाब जुळवणारा जोड न घालता दोहोंची गाठ घातली, तर पोर्टची चिप जळते.

एवढे साधल्यावर प्रश्न उरतो तारेचा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली, तेव्हा केवळ अक्षरांपुरत्या स्वस्त जोडणीवर एक्सटीसारखे यंत्रही पत्रव्यवहार करू शकत असे. तो काळ सरला. अमेरिकेत एओएलनेही आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. आज घरोघरी काचतंतू आले आहेत, आणि दूरध्वनीवरचा आवाज तुकड्यातुकड्यांनी, पुष्कळदा दाबून आवळून नेला जातो. माणसाच्या कानाला त्यातला फरक कळत नाही. मोडेमची शीळ मात्र त्यात विस्कटून जाते, आणि जितका वेग अधिक तितकी लवकर. ३०० च्या वेगाची साधी दोन सुरांची शीळ पुष्कळदा तग धरते. म्हणजे ज्याला अडगळ म्हणून बाजूला सारायचे, तोच वेग इंदूरपर्यंत पोचण्याची सर्वांत अधिक शक्यता!

तेही न जमले, तर दोन वाटा आहेत. एक, वायफायचा मोडेम: ईएसपी८२६६ ही इवलीशी चिप बसवलेली पेटी संगणकाकडून ‘एटी’चेच हुकूम घेते आणि क्रमांकाऐवजी इंटरनेटवरच्या पत्त्याशी जोडून देते. एक्सटीला हा बदल कळतसुद्धा नाही. तिला मोडेम म्हणावे की मोडेमचे सोंग, यावर शौकिनांत वाद आहे; तिच्यात शीळ नाही, त्यामुळे सोंगच म्हणणे योग्य. परंतु इंदूरशी रोज बोलायचे असेल, तर सोंग पत्करावे. दुसरी वाट, सहकाऱ्याने आपले यंत्र घेऊन पाहुणे म्हणून येण्याची. कचेरीतून निघालेले छोटे इंटरकॉम एक्स्चेंज घरी मांडले की, डायलचा सूर आणि घंटी दोन्ही त्यातून मिळतात. एक यंत्र दिवाणखान्यात, एक माजघरात. एकाने क्रमांक लावावा, दुसऱ्याने उचलावा. दोन खोल्यांतल्या त्या तारेवर २४०० चा मोडेम निर्वेधपणे चालतो.

बाहेरची तांब्याची तार ज्यांच्याकडे अद्याप असेल, त्यांनी मृगाचा पहिला गडगडाट ऐकू येताच ती मोडेममधून उपसून ठेवावी. वीज लांब कोसळली तरी तारेवरून घरात शिरते, आणि तिच्या तडाख्यात मोडेमच्या मागोमाग सीरियल पोर्टही जातो.