संहिता समाजाची, श्रमही समाजाचे

संगणकावर मराठी पत्र लिहिण्याचे साधन कोणाच्या हाती असावे? ‘ओपनऑफिस’ ही मुक्त प्रणाली २०१० मध्ये सन मायक्रोसिस्टिम्ससोबत ओरॅकलच्या ताब्यात गेली. कंपनीच्या मर्जीवर विसंबण्याऐवजी स्वयंसेवकांनी त्याच सप्टेंबरात ‘लिब्रेऑफिस’ उभे केले. नाव कंपनीकडे राहिले. परवाना मुक्त असल्याने संहिता मात्र समाजाला नेता आली. आज ती मराठीतही उपलब्ध आहे. तथापि कंपन्यांना शत्रू मानून भागणार नाही. पगारी अभियंते बहुधा त्याच पुरवतात. परंतु विहीर गावाची असेल, तर गाळही गावानेच उपसला पाहिजे. मराठी शब्द सुधारण्याचे, चुका कळविण्याचे काम आपण टाळले, तर ही मालकी कागदावरच राहील.