आपत्काळी महाविद्यालय कसे चालावे?

(आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्ही ती नाकारलीच होती. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे डी. एड. केले आणि सारा जन्म प्राथमिक शाळेत मुळाक्षरे गिरवून घेण्यात गेला. महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून आम्ही कधी चढलो नाही. चढलो ती निवृत्तीनंतर, आपल्या महाविद्यालयाच्या विकास समितीचे एक सभासद म्हणून. तेव्हा विद्वान प्राध्यापक समोर बसले असता आम्ही त्यांस काय सांगावे? आमचा अधिकार एकच आहे आणि तो अभिमानाने मिरविण्याजोगा नाही. आमच्या हातून एका शाळेचे दप्तर बुडाले आहे.

२००५ सालच्या जुलैअखेरीस कृष्णेला महापूर आला, तेव्हा आम्ही नदीकाठच्या एका खेड्यात मुख्याध्यापक होतो. पाऊस खळत नव्हता. पाणी चढणार अशी चाहूल लागताच आम्ही मुलांस घरी पाठविले, पोषण आहाराच्या तांदळाची पोती बाकांवर चढविली, दारास कुलूप घातले आणि तालुक्याच्या गावी आपल्या कुटुंबाकडे गेलो. करावयाचे ते सर्व केले, अशीच आमची समजूत होती. पुढे पाणी पायरीस लागले तेव्हा गावातील दोन तरुण कुलूप फोडून आत शिरले. त्यांनी खुर्च्या वाचविल्या, भिंतीवरचे घड्याळ वाचविले, थोर पुरुषांच्या तसबिरीही वाचविल्या. लोखंडी कपाट मात्र त्यांस उघडता आले नाही. त्याची किल्ली आमच्या खिशात होती, आणि आम्ही अठरा किलोमीटरवर होतो.

त्या कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात जनरल रजिस्टरे होती. ती जड म्हणून खाली, आणि रोज लागत नाहीत म्हणूनही खाली. पाणी उतरल्यावर कपाट उघडले तो आत लगदा. जी पाने सुटी करता आली ती आम्ही दोरीवर वाळत घातली. परंतु जुन्या मास्तरांनी दौत-टाकाने लिहिलेली शाई पाण्याबरोबर गेली होती. निळसर डाग तेवढे उरले होते.

काही वर्षांनी एक मुलगा आमच्या घरी आला. आमचाच विद्यार्थी, आणि आपल्याच समाजातील. त्यास अभियांत्रिकीस प्रवेश मिळत होता. जात वैधता प्रमाणपत्र हवे होते. इतर मागासवर्गात मोडणाऱ्यास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो, ही यातायात येथे बसलेल्या बहुतेक घरांनी अनुभवलेली आहे. त्याच्या घरी शेतजमीन नाही, जुना कागद नाही. आजोबा त्याच शाळेत चौथीपर्यंत शिकले होते, ती नोंद हाच त्यांचा एकमेव लेखी आधार. आणि ती नोंद त्या लगद्यात गेली होती. मुलाचे ते वर्ष गेले. दुसऱ्या गावच्या भावकीतील एका नोंदीवरून त्याचे काम पुढे झाले खरे, पण तोपर्यंत ती जागा दुसऱ्याची झाली होती. मुलगा आम्हास एका शब्दाने लागेल असे बोलला नाही. जाताना वाकून नमस्कार केला. तो एखादे वेळी रागावला असता तर बरे झाले असते, असे आम्हास आजही वाटते.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, आपत्काळी महाविद्यालय चालू कसे ठेवावे हा प्रश्न निघाला की सर्वांची दृष्टी प्रथम वर्गांकडे जाते. तास कसे होतील, अभ्यासक्रम कसा पुरा होईल? (आपत्काळाऐवजी काहीजण आणीबाणी म्हणतात; परंतु आमच्या पिढीस त्या शब्दाने १९७५ सालच आठवते, म्हणून आम्ही तो वापरीत नाही.) तासांची चिंता योग्य आहे, पण आमच्या मते ती मागाहून करण्याची. बुडालेला तास रविवारी घेता येतो. बुडालेली नोंद कोणत्या रविवारी घेणार?

याचे एक मोठे उदाहरण चीनच्या इतिहासात आहे. १९३७ च्या जुलैत जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. त्याच महिन्याच्या अखेरीस त्येनचिन शहरातील नानकाई विद्यापीठावर बॉम्ब पडले आणि इमारतींचा व ग्रंथसंग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला. जवळच्याच पेकिंग शहरी छिंगह्वा नावाचे दुसरे विद्यापीठ होते. त्याच्या चालकांनी संकट दारी येण्याची वाट पाहिली नव्हती. दीड-दोन वर्षे आधीच, १९३५ च्या हिवाळ्यापासून, त्यांनी निवडक ग्रंथ व प्रयोगशाळेची उपकरणे पेट्यांत भरून गुपचूप दक्षिणेकडे रवाना करण्यास आरंभ केला होता, आणि चांगशा येथे इमारतीही बांधावयास घेतल्या होत्या. तेव्हा त्यांस भित्रे म्हणणारे लोक निघाले असतीलच. असे लोक प्रत्येक समितीत असतात.

पुढे पेकिंग, छिंगह्वा आणि नानकाई ही तिन्ही विद्यापीठे चांगशास एकत्र आली. तेथेही युद्ध पोहोचू लागले, तेव्हा १९३८ च्या आरंभी त्यांनी थेट नैर्ऋत्येकडील कुनमिंगची वाट धरली. काही मंडळी समुद्रमार्गे व आगगाडीने गेली. अडीचशे-तीनशे विद्यार्थी आणि अकरा अध्यापक मात्र डोंगरदऱ्या तुडवीत, बहुतेक वाट पायी चालून, अडुसष्ट दिवसांनी तेथे पोहोचले. हजार मैलांचा तो प्रवास. कुनमिंगला वर्ग भरले ते मातीच्या भिंतींच्या व पत्र्याच्या छपरांच्या खोल्यांतून. पाऊस आला की पत्र्यांचा आवाज इतका होई की मास्तरांचा शब्द ऐकू येत नसे. आमची खेड्यातील पहिली शाळा अशाच पत्र्याची होती, म्हणून हा तपशील वाचताना आम्हास हसू आले. असे ते संयुक्त विद्यापीठ १९४६ पर्यंत चालले. पदार्थविज्ञानातील १९५७ चे नोबेल पारितोषिक ज्या दोन चिनी शास्त्रज्ञांना मिळाले, ते यांग आणि ली, दोघेही त्या पत्र्याखाली शिकलेले. इमारत एकीकडे राहिली आणि विद्यापीठ दुसरीकडे गेले. जाऊ शकले, कारण काय न्यावयाचे व कोठे न्यावयाचे याचा विचार शांततेच्या दिवसांत झाला होता.

आता आपल्या घरी येऊ. २०२० च्या मार्चमध्ये महामारी आली आणि वसतिगृहातील मुलांस आपण दोन दिवसांत गावोगाव पाठविले. वह्या-पुस्तके खोल्यांतच राहिली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. मुलांच्या पालकांचे दूरध्वनी क्रमांक रेक्टरसाहेबांच्या मोबाइलमध्ये होते, वहीत नव्हते; आणि मे महिन्यात त्या मोबाइलने मान टाकली. रेक्टरसाहेबांस आम्ही दोष देत नाही. ती किल्ली आणि हा मोबाइल, दोन्ही एकाच जातीची वस्तू आहे.

पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे हाल आपण पाहिले. जूनमध्ये राज्य शासन म्हणाले, परीक्षा होणार नाहीत. ६ जुलैस विद्यापीठ अनुदान आयोग म्हणाला, सप्टेंबरअखेरपर्यंत झाल्याच पाहिजेत. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २८ ऑगस्टला निकाल लागला की, परीक्षेवाचून शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी उत्तीर्ण करता येणार नाहीत. यात आपल्यासारख्या लहान महाविद्यालयाच्या हाती काहीच नव्हते, हे मान्य. परंतु त्या महिन्यांत मुलांस सर्वाधिक छळले ते अनिश्चिततेने, आणि आपल्या कार्यालयाच्या मौनाने त्यात भर घातली. आठवड्यातून एकदा ठरल्या वारी एवढेच कळविले असते की नवीन काही नाही, कळताच सांगू, तरी पुष्कळ काम झाले असते.

एका व्यक्तीने ते केले. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या एका प्राध्यापिकाबाई दर शनिवारी आपल्या वर्गातील प्रत्येक मुलास दूरध्वनी करीत. ज्यांच्या घरी चांगला मोबाइल नव्हता त्या मुलींस त्या धड्याचा सारांश तोंडी सांगत व लिहून घ्यावयास लावीत. आणि त्याच महिन्यांत, तास होत नाहीत म्हणून, त्यांचे मानधन थांबले होते. समितीचे सभासद या नात्याने आम्हासही हे फार उशिरा कळले. महाविद्यालय चालू राहिले असे आपण अहवालात छापले. ते ज्यांनी चालू ठेवले त्यांच्या चुलीचे काय झाले हे छापले नाही. आपत्काळासाठी निधी ठेवावयाचा तर त्यावर पहिला हक्क या माणसांचा व वसतिगृहाच्या भोजनालयाचा असावा. पत्रे आणि रंग मागून.

दप्तराविषयी थोडे अधिक सांगणे आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडे पुन्हा महापूर आला. २००५ च्या पाण्याची खूण पुष्कळांनी भिंतीवर करून ठेवली होती. शहाण्या माणसांनी सामान त्या खुणेच्या हातभर वर ठेवले. सांगलीस आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन फुटांवर गेले, २००५ पेक्षा कितीतरी वर, आणि ते शहाणपण बुडाले. म्हणून मागच्या पुराची खूण हे माप धरू नये. आपल्या महाविद्यालयाचे कार्यालय तळमजल्यावर आहे, प्रवेशाची रजिस्टरे, गुणपत्रके आणि सेवापुस्तके तेथेच आहेत, आणि ओढा खिडकीतून दिसतो. ती सारी येत्या उन्हाळ्यात दुसऱ्या मजल्यावर जावीत. त्यांची छायाचित्रे काढून एक प्रत दुसऱ्या गावी, आपल्या वसतिगृहाच्या तिजोरीत असावी. एकाच इमारतीतील दोन प्रती म्हणजे एकच प्रत. विद्यार्थ्यांनीही आपली गुणपत्रके २०१५ साली सुरू झालेल्या शासनाच्या डिजिलॉकरमध्ये घेऊन ठेवावीत. तेथे संबंधित मंडळाने वा विद्यापीठाने दिलेला दाखला कायद्याने मूळ कागदासारखाच धरला जातो. मात्र आजोबांची शाळेतील नोंद तेथे आपोआप सापडणार नाही. तिचा उतारा प्रत्येक घराने आजच काढावा, कारण आमच्यासारखे मुख्याध्यापक अद्यापि पुष्कळ आहेत.

गेल्या जूनमध्ये आम्ही एक गंमत केली. प्राचार्यांच्या संमतीने प्रमुख लिपिकास एक दिवस घरी बसविले आणि इतरांस सांगितले, समजा आता पाणी येत आहे, काय उचलाल? पहिला पाऊण तास किल्ल्या शोधण्यात गेला. नंतर वाद असा निघाला की प्राचार्य गावी नसता महाविद्यालय बंद करण्याचा हुकूम कोणी द्यावा? उपप्राचार्य म्हणाले, संस्थेने. संस्थेचे चिटणीस म्हणाले, उपप्राचार्यांनी. ओढ्यास पाणी असते तर दोघेही वाद घालीत भिजले असते. त्या दिवसापासून तीन नावे क्रमाने लिहून कार्यालयात लावली आहेत. पहिला नसेल तर दुसरा, दुसरा नसेल तर तिसरा, आणि तिसऱ्याच्या निर्णयास मागून कोणी नावे ठेवू नयेत असा ठरावही झाला आहे. हा ठराव मंजूर होण्यास दोन बैठका लागल्या.

उरला प्रश्न जागेचा, आणि येथे सभागृहात थोडी कुजबूज होईल हे आम्हास ठाऊक आहे. महाविद्यालयाच्या इमारतीत पाणी शिरले तर वर्ग कोठे भरवावयाचे व वसतिगृहातील मुलींस कोठे न्यावयाचे? आपल्या समाजाचे मंगल कार्यालय टेकाडावर आहे, तेथे विहीर आहे, स्वयंपाकघर आहे, आणि दोनशे पाने एका पंगतीस उठतात. त्याहून योग्य जागा नाही. विश्वस्तांपैकी काहींचा आक्षेप असा की, ठरलेली लग्ने मोडावी लागतील व उत्पन्न बुडेल. त्यांस आमची नम्र विनंती आहे की त्यांनी पंचांग पाहावे. आपल्याकडचा पूर आषाढ-श्रावणात येतो, आणि चातुर्मासात मुहूर्त नसतात. महामारी मुहूर्त पाहून येत नाही, हे खरे. परंतु महामारीत लग्नेही कोठे झाली? कार्यालय आपत्काळी महाविद्यालयास व वसतिगृहास विनामूल्य मिळेल, एवढे एक वाक्य विश्वस्तांनी आपल्या नियमांत घालावे. तो ठराव आजच्या विषयपत्रिकेवर सातवा आहे. भोजनाची वेळ झाल्यामुळे तो पुढील वर्षावर ढकलला जाऊ नये म्हणून आम्ही तो आताच वाचून दाखवीत आहोत, आणि अध्यक्षमहाराजांनी तो आधी घ्यावा अशी त्यांस प्रार्थना आहे.

शेवटी एक लहानशी सूचना. दाराजवळच्या मेजावर आम्ही एक कोरी वही ठेवली आहे. ज्यांची मुले महाविद्यालयात वा वसतिगृहात आहेत त्यांनी आपला दूरध्वनी क्रमांक, गावातील एका शेजाऱ्याचा क्रमांक, आणि पुराच्या वेळी आपल्या घरी किती मुलांची सोय होऊ शकेल तो आकडा त्यात लिहावा. वहीस पेन्सिल बांधली आहे. शाई पाण्यात जाते, शिसे टिकते.