विडी वाकडी, हात नव्हे

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका शाळेचे स्नेहसंमेलन. मांडवात पुढच्या रांगांत शिक्षक, मागे टॉवेलच्या कारखान्यांतली पाळी संपवून थेट आलेले पालक. इथल्या अनेक घरांत तेलुगू बोलतात, म्हणून प्रमुख पाहुण्यांनी नमस्कार दोन्ही भाषांत केला. ते याच शाळेचे माजी विद्यार्थी, आता समुपदेशक. परीक्षेच्या ताणाविषयी पाच सूचना त्यांनी कागदावर लिहून आणल्या होत्या.

कागद खिशातच राहिला. समोर पाण्याची टाकी दिसली आणि पाहुणे नववीत जाऊन पोहोचले.

गणितात नापास झाल्यावर ते याच टाकीमागे लपून बसले होते. आपण कशाच्याच लायकीचे नाही, एवढे एकच वाक्य डोक्यात घुमत होते. संध्याकाळी कुलपे लावायला आलेल्या शिपाई मावशींना ते सापडले. मावशींनी गुणांचे काही विचारलेच नाही. ‘‘जेवलास का रे?’’ म्हणाल्या, आणि हाताला धरून घरी घेऊन गेल्या.

घरी आई विड्या वळत होती. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, कापलेली तेंदूची पाने आणि दोरा. सोलापुरात या कामावर हजारो स्त्रियांचे संसार चालले; याच रस्त्यावर पुढे, कुंभारीत, गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची १० हजार घरांची वसाहत उभी आहे. वळलेल्या विड्या कारखान्यात तपासल्या जातात, खराब निघालेल्या बाजूला काढतात. त्या दिवशी आईच्याही बऱ्याच विड्या नापास झाल्या होत्या. मुलाचे रडणे ऐकून घेऊन ती म्हणाली, ‘‘माझी विडी वाकडी झाली, हात नाही वाकडा झाला. उद्या परत वळीन.’’

पुढे मानसशास्त्र शिकताना हीच गोष्ट त्यांना पुस्तकात भेटली. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली. चूक झाली की कृतीला गुण द्यावेत, अख्ख्या माणसाला नाही, हा तिचा एक गाभा. शास्त्राची ओळख एवढ्यावरच आटोपली, कारण पाहुण्यांना पुन्हा आई आठवली. ‘‘पेपर चुकला म्हणा, मी चुकीचा म्हणू नका!’’ हे वाक्य त्यांनी तीन वेळा म्हटले आणि चौथ्यांदा मुलांकडून म्हणवून घेतले.

मग विषय मावशींसारख्या वेळेला भेटणाऱ्या देवदूतांवर आला. समोरच्या रस्त्याने माणसे अक्कलकोटला पायी जातात. १८७८ साली समाधी घेईपर्यंत सुमारे दोन दशके स्वामी समर्थ तिथे राहिले. भिऊ नको, हे त्यांचे आश्वासन आज कितीतरी गाड्यांच्या मागे रंगवलेले दिसते. पाहुणे म्हणाले, ‘‘ते खरंच आहे, पण ते आपल्यापर्यंत कुणाच्या तरी तोंडून पोहोचतं. तुमच्या बाकावरचा पोरगा गप्प झाला असेल तर त्याला आज विचारा. तुम्हीच गप्प झाला असाल तर एका तरी मोठ्या माणसाला सांगा. घरात सांगवत नसेल तर १४४१६ लावा, सरकारचा फोन आहे, पैसे पडत नाहीत.’’

हे सांगताना त्यांची नजर पुढच्या रांगेच्या कडेला थांबली. निवृत्त झालेल्या त्याच शिपाई मावशी तिथे बसल्या होत्या. पाहुण्यांनी ध्वनिक्षेपक खाली केला.

‘‘मावशी, त्या दिवशी तुम्ही टाकीमागे डोकावला नसता तर?’’

मावशींनी पदर तोंडाला लावला. मुख्याध्यापकांनी त्यांना व्यासपीठावर बोलावले. त्यांनी नुसता हात हलवून ‘बोल, बोल’ अशी खूण केली. पाहुण्यांना पुढे बोलवेना. ते पायऱ्या उतरून खाली आले आणि मावशींशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले.